उजवा कौल

"काढून टाकू," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

नळ बराच वेळ वाहत राहिला. दुर्गा टेबलावरून उतरून पडद्यामागे लुगडं सारखं करत होती. तिला आधी वाटलं ते तिच्याशीच बोलताहेत. मग लक्षात आलं की बोलणं ज्योतीरामशी चाललंय. तिचा नवरा पडद्यापलीकडे खुर्चीच्या कडेवर, टोपी मांडीवर घेऊन बसलेला होता. "दोन मुलं आहेत म्हणालात ना? मग झालं. पिशवीचं काम संपलं. आता ठेवून करायचंय काय तिला?" ज्योतीराम "व्हय साहेब" म्हणाला. कोटातल्या कुठल्याही माणसाला तो व्हय साहेब म्हणायचा, मग तो माणूस रस्ता विचारत असला तरी. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी टॉवेलने एकेक बोट निराळं पुसलं, सांगितलं की तुकडा तपासलाय, कॅन्सरची सुरुवात आहे, पिशवी आणि तिच्या आजूबाजूचं सगळं साफ करावं लागेल, मोठं ऑपरेशन आहे पण वेळेवर आलात, पुढच्या अमावास्येच्या आत खाट मिळेल. अमावास्या त्यांनी ज्योतीरामच्या टोपीकडे बघून म्हटली असावी. शहरातल्या माणसाला त्यांनी तारीख सांगितली असती.

पुण्याहून पिंपरीकडे येणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. कंडक्टर आणि एक म्हातारा नव्या पैशांवरून हुज्जत घालत होते. म्हाताऱ्याला आपला आणा परत पाहिजे होता. खडकी गेली, दापोडीचा पूल गेला, मग दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. कणसं भरत आलेली. भीती वाटायला हवी होती, हे तिला समजत होतं. पण भीती आली नव्हती. आला होता तो राग, आणि तोही धड कुणावर ते कळेना. 'काढून टाकू' हे तिचे स्वतःचे शब्द होते. दिवसभर ती तेच करायची. कुणी परक्याने आपलं रोजचं हत्यार उचलून वापरावं, तसं तिला झालं होतं. शेजारी ज्योतीराम म्हणाला, "वेळेवर आलो म्हनले, ऐकलंस न्हवं?" ती म्हणाली, ऐकलं. काम संपलं हेही ऐकलं होतं. पण ते नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो फिटर होता. ज्या भागाचं काम संपलं तो भाग काढून ठेवायचा, हे त्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तेव्हा आसपासच्या गावांतले पुरुष बांधकामावर लागले, आणि पुढे सातवी झालेल्या बायकांना आतही घेऊ लागले. दुर्गा सातवी होती. तिला बाटल्या तपासायच्या टेबलावर बसवलं. पांढरा झगा, केस फडक्यात बांधलेले, हातातल्या काचेच्या बांगड्या दाराशी काढून ठेवायच्या. समोर दिव्याची पेटी, तिच्यामागे अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा. औषधाची पूड भरलेली बाटली उचलायची, टिचकी मारायची, बोटांत फिरवायची, काळ्यावर बघायची, पांढऱ्यावर बघायची. तंतू, कण, काचेची कपरी, ढिलं टोपण. चांगली असली तर उजवीकडच्या ट्रेमध्ये, वाईट असली तर डावीकडे. मध्ये आणखी एक ट्रे असायचा, शंकेचा. त्यात ठेवलेली बाटली दुसऱ्या टेबलावर कुसुमताईंकडे जायची. कुसुमताई पुण्याच्या सदाशिव पेठेतून रोज येत, दुर्गापेक्षा पाचेक वर्षांनी मोठ्या, नाकावर चष्मा आणि जिभेवर विस्तव. डावीकडचा सगळा ट्रेही त्यांच्याच पुढ्यात जाई. कुणी काय म्हणून टाकलंय ते त्यांना कधी सांगत नसत. सांगितलं की डोळे तेच बघतात, असा तिथला नियम होता. दुर्गाचा मधला ट्रे संध्याकाळी बहुतेक रिकामा असायचा. "आमच्या दुर्गाबाईंना शंका म्हणून कसली ती येत नाही," कुसुमताई म्हणायच्या, "देवानं आधी यांना विचारून जग केलं असतं तर बरं झालं असतं." दुर्गाला ते शालजोडीतले आहेत हे कळायचं आणि तरी आवडायचं. तिने टाकलेल्यातल्या काही बाटल्या कुसुमताई परत चांगल्यांत घालत. नुसती टिचकी मारून, तोंडाने काही न बोलता. ते मात्र तिला आवडत नसे.

पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. दाराशी बांगड्या काढताना एक मनगटातच फुटली, आणि रक्ताचा बारीक ठिपका आला. तो बघताना भीती आली.  तिला मरायचं नव्हतं. शेवंता दहा वर्षांची होती आणि भाकरी अजून तव्यावर धड टाकता येत नव्हती. धाकटा नामा तिच्या पोटाशी पाय खुपसल्याशिवाय झोपत नसे. ती नळाखाली हात धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडावं असं तिला वाटलं, पण मागे बायकांची रांग होती आणि हात धुवायचे असतील तर धू, नाहीतर बाजूला हो, असं कुणीतरी म्हणालं. तिने हात धुतले. त्या दिवशी तिने मधल्या ट्रेमध्ये इतक्या बाटल्या ठेवल्या की कुसुमताई टेबलावरून उठून तिच्यापाशी आल्या. "काय हो, आज देवाला विचारायचं राहिलं वाटतं?" दुर्गाने त्यांना जेवणाच्या सुट्टीत, बाहेर पेरूच्या झाडाखाली, सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज शेजारणीच्या गाईला झालेला रोग सांगावा तसा येतोय, असं तिला वाटलं.

कुसुमताईंनी डबा बंद केला. "कुणी बघितलं ते?"

"पुण्याचे डॉक्टर."

"ते तुम्हाला बघणारे. तुमच्या तुकड्याची पट्टी कुणी बघितली? तो तुकडा पातळ कापून काचेवर ठेवतात आणि दुर्बिणीखाली बघतात. ती काच असते अजून. मागून घ्या, ती तुमचीच आहे. मुंबईला या रोगाचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे दाखवा."

"पुण्याचे चुकले म्हणता?"

"मी कुठे म्हटलं? डावीकडचा ट्रे माझ्याकडे येतो तो काय तुम्ही चुकता म्हणून येतो? टाकायचं म्हणजे दोघांनी बघून टाकायचं. दोन आण्यांच्या बाटलीला जे करतो ते बाईला करू नये का?" मग त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि अंबाडीची भाजी तिच्या पोळीवर वाढली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्यावरून दुर्गाला कळलं की त्याही घाबरल्या आहेत.

घरी हे सांगणं सोपं नव्हतं, कारण घरी तोवर देवाने निकाल दिलेला होता.

चिंचवडला नदीच्या अंगाला त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. सासू, ठकुबाई, एरवी गावी असायची, भोसरीच्या पलीकडे, इंद्रायणीकाठी. पण दुर्गाचं अंगावरून जाणं थांबेना तेव्हापासून पोरांकडे बघायला इकडे येऊन राहिली होती. गोरी, हाडकुळी, कमरेत वाकलेली बाई.  पुण्याचं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी ती लेकाला घेऊन गावी गेली आणि भैरोबाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर करू नको. गुरव, सोनबा, म्हातारा झाला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला आता कळी दिसत नसे, म्हणून तो गाऱ्हाणं घाली आणि उंबऱ्याशी बसलेलं माणूस कुठली पडली ते सांगे. ज्योतीराम बाहेर मंडपात नारळ धरून उभा होता. ठकुबाई बाहेर आली आणि म्हणाली, "उजवा दिला. कर म्हनला." तिन्हीसांजेला दोघं परतली तेव्हा ज्योतीरामच्या तोंडावर दुर्गाचा आजार कळल्यापासून प्रथमच रया आली होती. ठकुबाईच्या नव्हती. ती आल्या आल्या चुलीपुढे बसली आणि उगाच लाकडं मागेपुढे करत राहिली. दुर्गाने प्रसादाचा तुकडा तोंडात टाकला. देवाला आपल्या पोटातलं काय कळतं, असं मनात आलं आणि लगेच तिने कान धरले. तिचा विश्वास होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. तो भिंतीतल्या खुंटीसारखा होता. रोज दिसायचा नाही, पण काही टांगायचं झालं की हात तिकडेच जायचा.

त्या घरात कौल म्हणजे शेवटचा शब्द होता. दुर्गाची नणंद अंबू, ज्योतीरामची थोरली बहीण, सासरहून माहेरी आली ती अशीच अंगावरून जात असलेली. दुर्गा तेव्हा घरात नवी होती. अंबू पडवीत घोंगडीवर पडून असायची, आणि तिच्या अंगाला येणारा तो वास, कोंदट, गोडसर, दुर्गाला अजून कधीकधी कशावरून तरी यायचा. चाकणला मिशनच्या दवाखान्याची गाडी येत असे. तिथे न्यावं का म्हणून कौल लावला. डावा पडला. नेली नाही. भाताची कापणी चालू असताना अंबू गेली. 'देवाची मर्जी' असं ठकुबाई तेव्हा म्हणाली आणि त्यानंतर त्या विषयावर कधी बोलली नाही. पडवीतली घोंगडी मात्र तिने जाळली नाही, धुऊन ठेवून दिली. इकडे येतानाही ती तिच्या गाठोड्यात होती.

"येका गोष्टीला येकच कौल," मुंबईचं नाव ऐकल्यावर ठकुबाई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "त्यानं कर म्हनलं की करायचं. दुसऱ्या दारी इचारायला जायाचं न्हाई."

"आत्याबाई, मी देवाला नाही, डॉक्टरला विचारायला जातेय."

"त्येच त्ये." सूप तिच्या मांडीवर आपटलं. "तुला कुनाच्याच हाताचा भरवसा न्हाई. म्या निवडलेलं तांदूळ तू पुन्यांदा निवडतीस, मला दिसत न्हाई व्हय?"

ते खरं होतं. सासूने निवडून ठेवलेले तांदूळ दुर्गा रोज पुन्हा एकदा बघायची. तिला वाटे, सासूच्या नकळत. डोळ्यांना सवयच लागली होती, काही हातात आलं की काळ्यावर बघ, पांढऱ्यावर बघ. आणि खडे सापडायचेही. ठकुबाई उठून मागच्या दारी गेली. तिच्या अंगात एवढा ताठा कशाने आला, हे दुर्गाला कळेना. साध्या मुंबईच्या फेरीसाठी माणूस इतकं घाबरत नाही. ज्योतीरामनेही नाक मुरडलं. "खाट गेली तर? पुन्हा कवा मिळायची? आन् मुंबईचा म्हनला न्हाई करायचं, तर कुनाचं ऐकायचं?" हा प्रश्न बरोबर होता.  ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा," आणि पोरांना जेवायला वाढलं.

आपल्याला ती पिशवी कशासाठी हवी आहे, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. आणखी मूल नको होतं. नामाच्या वेळचे हाल पुरे होते. दर महिन्याची कटकट गेली असती तर तिने सुटकेचा श्वास टाकला असता. मग? तिला शेवंताचा जन्म आठवला. गावच्या घरात, माजघरात, कंदिलाच्या उजेडात. मूल बाहेर आल्यावर ठकुबाईने वार मडक्यात घातली होती, परसात खड्डा करून पुरली होती, वर हळदकुंकू वाहिलं होतं, कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वरवंट्याएवढा दगड ठेवला होता आणि बारा दिवस तिथे दिवा लावला होता. दुर्गा बाजेवरून तो दिवा बघत असायची. एरवी घासाघासाला हिशेब सांगणारी ही बाई, आपल्या अंगातून पडलेल्या एका रक्ताळ गोळ्याला तेल जाळते आहे, याचं तिला तेव्हा नवल वाटलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात टेबलाखाली पांढऱ्या चिनीमातीची बादली होती. कडेला कापसाचे बोळे लागलेले. तिच्याच घरात ज्याला दिवा लावला जातो त्याचं आख्खं घर त्या बादलीत पडणार होतं, आणि पडायला हवंच असेल तर तिची हरकत नव्हती. जगायचंच होतं तिला. फक्त कुणीतरी नीट बघून टाकावं. एवढंच. ही मागणी मोठी आहे की लहान, ते तिला ठरवता येईना.

काच मागायला ती एकटीच पुण्याला गेली. तिथल्या माणसाने आधी काच बाहेर देत नाहीत म्हणून सांगितलं, मग डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर स्वतः बाहेर आले. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त थकलेले दिसले. "दाखवा, दाखवा. पण फार दिवस लावू नका, बाई. ही वस्तू तुमच्यासाठी थांबत नाही." कागदी पाकिटात काच मिळाली. तिने ती कापसात गुंडाळून बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवली.

मुंबईच्या गाडीत चिंचवडला चढताना ज्योतीरामने ते खोकं धरायला मागितलं. तिने दिलं नाही. लोणावळ्याच्या पुढे बोगदे लागले, आणि दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात तिने काच बाहेर काढली. खिडकीच्या चौकटीकडे धरली. बोटांनी आपोआप ती किंचित फिरवली. काचेवर एक गुलाबी-जांभळा डाग होता, करवंदाचा रस सांडावा तेवढा. ती डोळे बारीक करून बघत राहिली. या डोळ्यांना एवढ्या वर्षांत पुडीतला केसाचा तुकडासुद्धा चुकला नव्हता. आता काही दिसत नव्हतं. ना तंतू, ना कण. ही मी आहे, तिने स्वतःला सांगून पाहिलं. काही वाटलं नाही. मग बोगदा आला आणि हातातल्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा उमटला, डब्यातल्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात, आणि ती एकदम घाबरून काच कापसात ठेवायला लागली. "काय दिसलं?" ज्योतीरामने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने, समोर दोन अनोळखी माणसं बसलेली असताना, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. असा चारचौघांत त्याने तिला कधी हात लावला नव्हता. तोही घाबरलाय, हे तिच्या लक्षात आलं. व्हय साहेब म्हणणं हा त्याचा घाबरण्याचा प्रकार असेल, असं तिला प्रथमच वाटलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात काच आत गेली आणि ती दोघं बाकावर बसली. दार अर्धं उघडं होतं. आत म्हातारे, टक्कल पडलेले डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. दुर्गा त्यांच्याकडे जराही नजर न हलवता बघत होती. ते बघत, मान वर करत, खिडकीबाहेर पाहत, पुन्हा डोळा लावत. मध्ये चहा आला. तो प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग त्यांनी बाहेरून एका तरुण डॉक्टरला हाक मारली, उठून त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "जरा बघ." एवढंच. आपल्याला काय दिसलं ते त्याला सांगितलं नाही. स्वतः पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. दुर्गा बाकावर मागे टेकून बसली. आता हे काहीही सांगोत, ऐकायचं, असं तिने ठरवलं. मोठं ऑपरेशन म्हणाले तर मोठं ऑपरेशन.

आत बोलावल्यावर त्यांनी तिला तपासलं आणि मग समोर बसवलं. तिला, आणि ज्योतीरामला तिच्या शेजारी.

"बाई, हा कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. पिशवीच्या तोंडावरची कातडी बिघडली आहे, पण बिघाड अजून खाली उतरलेला नाही. निदान या तुकड्यात तरी नाही. समजतंय?"

"म्हणजे पुण्याचे चुकले?"

"नाही. इतक्या सुरुवातीला दोघांना निराळं दिसू शकतं. हे असंच सोडलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि पिशवी काढली की प्रश्न मिटतो. पुष्कळ डॉक्टर तेच सांगतील. पण आपण फक्त नखाएवढा तुकडा बघितलाय. मी म्हणतो, आधी तोंडाचा भाग भोवऱ्याच्या आकाराचा कापून घेऊ, तो सगळा तपासू. कुठे खाली उतरलं असेल तर मोठं ऑपरेशन करावंच लागेल. नसेल तर पिशवी राहू दे. मात्र मग तुम्हाला पुन्हा पुन्हा दाखवायला यावं लागेल. कितीतरी वर्षं. बऱ्या झालात तरी." ते थांबले. "बायका येतो म्हणतात आणि येत नाहीत. मग मला वाटतं की काढली असती तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हालाच विचारतो. याल?"

ज्योतीरामने तिच्याकडे पाहिलं. तो व्हय साहेब म्हणेल असं तिला वाटलं. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. खोलीत फिनेलचा वास होता. आयुष्यभर मधल्या ट्रेमध्ये राहायचं, असं तिच्या मनात आलं, ज्या ट्रेचा आपल्याला एवढा कंटाळा. काढून टाकलं तर आजच सुटका होती, बहुधा. तिला दोन्हीची भीती वाटली आणि दोन्ही भीती निरनिराळ्या होत्या.

"येईन," ती म्हणाली.

परतताना ती झोपली. चिंचवडला उतरली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ज्योतीराम स्टेशनजवळ सिंध्याच्या दुकानात पोरांना बिस्किटं घ्यायला थांबला आणि ती पुढे आली. ठकुबाई उंबऱ्यात, मावळत्या उजेडाला पाठ करून, सूप घेऊन बसली होती. पोरं शेजारी खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. सासूने वर पाहिलं, पण काय झालं ते विचारलं नाही. दुर्गा तिच्यापुढे जमिनीवरच बसली आणि सांगितलं. कॅन्सर नाही. सगळी पिशवी आता काढायची नाही. थोडं कापायचं, तपासायचं, मग पुढचं. त्यांनी दोघांनी बघितलं, आत्याबाई. एकमेकांना न सांगता बघितलं.

ठकुबाईचा हात सुपात थांबला.

"काढू नगा म्हनला?"

"आत्ता नको म्हणाले."

म्हातारीच्या तोंडावर जे आलं ते दुर्गाला आधी हसूच वाटलं. मग तिने पाहिलं की हनुवटी थरथरते आहे.

"डावा पडला हुता," ठकुबाई म्हणाली.

दुर्गाला पटकन कळलं नाही. "काय?"

"कौल. डावी पडली हुती कळी. नगं म्हनला हुता त्यो. सोनबाला दिसत न्हाई. कंची पडली म्हनून इचारलं त्यानं. म्या उजवी म्हनले."

बाहेरून नामाची आरडाओरड आली. कुणीतरी त्याचा भोवरा घेतला होता. दुर्गा सासूकडे बघत राहिली. पुण्याहून आल्यापासूनचे दिवस तिच्यासमोरून पुन्हा गेले आणि प्रत्येक जागी तिला आता दुसरीच बाई दिसली. चुलीपुढे उगाच लाकडं हलवणारी, मुंबईचं नाव काढताच सूप आपटणारी, गाठोड्यात घोंगडी घेऊन आलेली. देवाने नको म्हटलेलं असताना सुनेला सुरीखाली पाठवायला निघालेली. आणि हे सगळं एकटीने, दोन पोरांना न्हाऊमाखू घालत.

"माझ्यासाठी देवाशी खोटं बोललात?"

"देवाशी कुटं? त्यो बघत हुता की. तुमच्याशी बोलले." ठकुबाईने पदराने नाक पुसलं. "डावा सांगितला असता तर ज्योतीनं तुला दारातनं भाईर सोडलं नसतं. ठावं हाय मला त्यो. अंबूच्या येळंला डावा पडला. म्या ऐकलं त्याचं."

"आणि मी टेबलावर मेले असते तर?"

"तर म्या मारली म्हनले असते. मरस्तवर म्हनले असते." तिने मान वर केली. "पन बसून न्हाई मारली असती. अंबूला बसून मारली म्या."

 सासूवर आपला जीव आहे की नाही याचा दुर्गाने कधी विचार केला नव्हता. सासू ही विचार करण्याची गोष्ट नव्हती. आता तिला रडायला आलं आणि तिने ते येऊ दिलं. ठकुबाईने तिला जवळ घेतलं नाही, तशी तिची रीत नव्हती. ती नुसती समोर बसून राहिली, सुनेचं रडणं संपेपर्यंत. गल्लीच्या तोंडाशी ज्योतीराम दिसला, हातात पुडा. "त्याला सांगू नगंस," ठकुबाई म्हणाली. दुर्गाने मान हलवली.

"आता कुनाचं खरं झालं गं? देवाचं का त्या डाक्टरचं?"

"अजून कुणाचंच नाही. अजून बघायचंय."

"पुन्यांदा?"

"पुन्हा पुन्हा."

 ठकुबाईने सूप उचललं आणि उंबऱ्यावरून सुनेकडे सरकवलं. "घे. बघ येकदा," ती म्हणाली. "तिन्हीसांजचं मला आताशा धड दिसत न्हाई."

दुर्गाने सूप मांडीवर घेतलं. गाभाऱ्यात त्या दिवशी कळी दिसण्याइतका उजेड होता का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तांदूळ चाळत, बोटांनी पांगवत ती उजेडाकडे तोंड करून बसली. निवडलेल्या तांदळात खडे होते, पुष्कळ होते. तिने ते एकेक करून पदराच्या टोकात बांधले आणि सासूला म्हणाली, "काही नाही, आत्याबाई. चांगले निवडलेत."